डावा की उजवा?

आमच्या सरांचा हात हातात घेतलेला माणूस भंडारा जिल्ह्यात तरी मला भेटलेला नाही. कोणी हात पुढे केला की सर दोन पावलं मागे सरकायचे, छातीशी हात जोडायचे आणि म्हणायचे, "नमस्काराने काम होते ना. हातासोबत काय काय येईल, काही सांगता येत नाही." नवा माणूस दुखावायचा. जुना माणूस हात पुढे करायचाच नाही. त्यामुळे सरांभोवती कायम दोन हातांचं मोकळं रिंगण असायचं आणि कॉलेजातल्या कितीही गर्दीतून ते रिंगण सरांबरोबर चालत जायचं.

सर प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्याच विभागात नवी लागलेली, साकोलीहून रोज एसटीने येणारी. विभाग म्हणजे आम्ही दोघं आणि प्रयोगशाळेचे परिचर सुखदेवभाऊ, एवढाच संसार. सुखदेवभाऊ अकरा वर्षांपासून रोजंदारीवर होते. त्यांना कायम करण्याचे कागद वर गेलेले होते, आणि वर गेलेली वस्तू खाली येतेच हा नियम आमच्या संस्थेला लागू नव्हता.

रुजू व्हायला गेले त्या दिवशी मी विभागाचं दार उघडायला कडीला हात घातला, तर आतून आवाज आला, "कोपर." मला काही कळेना. सरांनी उठून येऊन कोपराने दार कसं उघडायचं ते करून दाखवलं आणि म्हणाले, "दाराची कडी म्हंजे साऱ्या गावानं एकमेकाचा धरलेला हात आहे, मॅडम. तुमाले सारं गाव पाहिजे का?" त्यांच्या प्रत्येक शर्टाचं उजवं कोपर आधी विरायचं. सुखदेवभाऊंची बायको तिथे ठिगळ लावून द्यायची, आणि सर ते ठिगळ लोकांना कौतुकाने दाखवायचे.

त्यांच्या कापडी पिशवीला सुतळीने एक पितळी गडवा बांधलेला असायचा. पाणी प्यायचं ते त्यातूनच, तेही वरून ओतून, ओठ न लावता. भंडाऱ्याच्या पितळेवर त्यांचा जीव. "आपल्या बापजाद्यानं पितळीत पाणी पेलं, म्हणून आज तुमी-आमी दिसून राहिलो," असं ते कोणालाही सांगायचे. हा गडवा लग्नात जायचा, विद्यापीठाच्या बैठकीला जायचा, सासुरवाडीलाही जायचा. चालताना तो पिशवीतल्या डब्यावर आपटून ठणठण वाजायचा आणि त्या आवाजावर परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांच्या दोन पिढ्या पास झाल्या. सर पर्यवेक्षणाला निघाले की गॅलरीच्या टोकापासूनच वर्दी पोचायची.

भिंतीवर त्यांचा नकाशा होता. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, पण सरांच्या भिंतीवर जिल्हा अजून अखंड होता. हत्तीरोगाचे रुग्ण जिथे जिथे सापडले, तिथे लाल टाचण्या. वर चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीपासून खाली गोसीखुर्दच्या धरणापर्यंत, आणि पूर्वेला थेट गोंदियापार. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी नकाशा जुना असल्याचं लक्षात आणून दिलं. सर म्हणाले, "जिल्हा नवा झाला साहेब. डास जुनेच आहेत. त्याइले कोनं नोटीस देल्ली?" साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही, पण ते पुन्हा आमच्या विभागात आले नाहीत.

सरांचा आणखी एक कायदा होता. वर्गात जो शिंकेल त्याने उठून घरी जायचं, आणि त्याची हजेरी लागायची. "आजारी मानूस शाळेत येते तो हजेरीसाठी. हजेरीच त्याच्या घरी पाठवली तं तो कायले येईन?" कायदा मोठा शहाणपणाचा होता, पण आमची पोरं त्याहून शहाणी. महिन्याभरात बाजारातली तपकीर कॉलेजात शिरली. बेडकाचं प्रात्यक्षिक असलं की अर्धा वर्ग शिंकायचा. क्रिकेटचा सामना असला की वर्गात सर आणि फळा दोघेच उरायचे. सरांनी ओरडाआरडा केला नाही. त्यांनी शिंकांचं रजिस्टर ठेवलं. वर्षअखेरीस ते फळ्याजवळ उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "यावर्षी आपल्याले एक नवा रोग सापडला. तो सोमवार ते शनिवार राहते, रविवारी राहत नाही, आणि भारत हरला की लगेच बरा होते." कायदा मात्र त्यांनी बदलला नाही. शंभरातल्या नव्वद शिंका खोट्या असल्या तरी दहांसाठी तो पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता दिव्याखालचा अंधार सांगते. जगाच्या प्रत्येक खोकल्याची चौकशी करणाऱ्या या माणसाला स्वतःला कधीच काही होत नसे. झालंच तर त्याला कीटक जबाबदार असायचा. खोकला आला तर डास गिळला गेला. अंगावर पुरळ उठलं तर भिंगोटी चालून गेली. ताप आला तर त्या दिवशी सर जास्त मोठ्या आवाजात शिकवायचे आणि म्हणायचे, वर्गात उकडून राहिलं. सुखदेवभाऊ मागच्या मागे माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे, आणि दोघांपैकी कोणीही एक शब्द बोलायचं नाही.

न बोलण्याबद्दलच सरांचा मोठा सिद्धांत होता. तो त्यांना एका गावात सापडला. धरणात गेलेल्या गावाचं नवं पुनर्वसन झालं होतं, तिथे ते डासांच्या अळ्या मोजायला गेले होते. एका घरी म्हातारीने त्यांना पाणी दिलं. गडवा त्या दिवशी नेमका घरी विसरलेला. पाणी गढूळ होतं हे सरांना दिसत होतं, आणि तिलाही दिसत होतं. "ते म्हनू शकली नाही का बाबू, हे पिऊ नोको, आमच्या इथं पानी बराबर नाही. पाहुण्याले तसं कसं म्हनावं? अन् मी म्हनू शकलो नाही का माय, मले नोको. तिनं देल्लं कसं, तं दोन्ही हातानं." सर ते पाणी प्यायले आणि दोन महिने काविळीने झोपले; कीटकावर ढकलता न आलेलं हे त्यांचं एकमेव आजारपण. झोपल्या झोपल्या त्यांना कळलं की पुस्तकं चुकीची आहेत. पुस्तकात रोग हवेतून जातो, पाण्यातून जातो, डासातून जातो. सर म्हणाले, "जाते, जाते, पन दार कोन उघडून देते? भीड. लोकं म्हनते, भीड भिकेची बहीन. माह्या मतानं ते रोगाची माय आहे."

हे ते इतक्यांदा बोलायचे की आम्ही ऐकणं सोडून दिलं होतं. आणि मग विद्यापीठाचं पत्र आलं.

संसर्गजन्य रोगांवरच्या संशोधनाचं तीन दिवसांचं चर्चासत्र विद्यापीठ आमच्या कॉलेजात घेणार होतं. आमचे प्राचार्य हार, नारळ आणि शाल यांच्यावर जगणारे गृहस्थ. पत्र आल्याच्या दिवशीच त्यांनी नऊ समित्या नेमल्या, त्यातल्या चार स्वागताच्या. सरांना पेयजल समिती दिली. सरांनी पेयजल समिती घेतली आणि शिवाय एक कागद टेबलावर ठेवला. त्यांना शोधनिबंध वाचायचा होता. 'रोगाचा प्रसार आणि माणसाची भीड.' दहा मिनिटं.

प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. "सर, हा विनोद आहे का?"

"नाही जी. निष्कर्ष आहे."

"विद्यापीठातून लोक येऊन राहिले. काही जंतू-बिंतू टाका ना याच्यात."

"जंतू तेच घेऊन येतीन," सर म्हणाले.

सर त्या वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. सत्तावीस वर्षं त्यांनी आपलं म्हणणं वर्गाला, सुखदेवभाऊंना आणि एसटीत शेजारी बसलेल्याला सांगितलं होतं. ज्यांना ते समजून पुढे नेता आलं असतं, अशा लोकांसमोर एकदाही नाही. ही दहा मिनिटं शेवटची, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. शेवटी पहिल्या दिवशी, जेवणानंतरच्या झोपाळू वेळेत, त्यांना जागा मिळाली. पंधरा दिवस सर प्रयोगशाळेत निबंध वाचत होते. सुखदेवभाऊ घड्याळ धरायचे, मी टेबलावरची घंटी वाजवायची. शेवटच्या सरावाला निबंध नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत बसला आणि सरांनी आम्हा दोघांना गडव्यातलं पाणी पाजलं. असा मान पूर्वी कोणाला मिळालेला नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी सर आपल्या लुनावरून आले. नवा शर्ट, कोपर शाबूत. आणि उजवा डोळा लालबुंद.

"नदीच्या पुलावर चिलट गेलं," मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, आणि खिशातून पांढरा रुमाल काढून डोळा टिपला. डोळ्यातून पाणी वाहत होतं. पापणी सुजली होती. माझ्या माहेरी चार भावंडं, आलेले डोळे मी ओळखत नाही असं नाही. ओठावर आलं होतं, सर, हे चिलट नव्हे. पण आजचा दिवस त्यांचा. नवा शर्ट, पंधरा दिवसांची घंटी. म्हटलं, कशाला? मी म्हणाले, "शर्ट छान आहे, सर."

उद्घाटन साडेदहाला होतं, ते बाराला सुरू झालं. मंचावर सतरा जण. सतराही जणांचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत, मग ज्यांनी पुष्पगुच्छ दिले त्यांचं स्वागत. संसर्गावर बोलायला आलेली ती सगळी विद्वान मंडळी एकमेकांचे हात हातात घेऊन दोन-दोन मिनिटं हलवत होती. सर खाली रांगेच्या टोकाला नमस्कार करून उभे होते आणि मोजत होते. "चवरेचाळीस," ते मला हळूच म्हणाले. जेवण चारला झालं. सरांचं सत्र रद्द.

सरांचा चेहरा पाहून प्राचार्यांनाही थोडं वाटलं असावं. ते म्हणाले, "सर, उद्या नक्की. आता असं करा, तुमचा तो मायक्रोस्कोप व्हरांड्यात मांडा. चहाच्या वेळी पाहुणे बघतीन."

हा सूक्ष्मदर्शक सरांचा दुसरा जीव. जुना, पितळेचा, एका डोळ्याचा. आताच्यासारखा दोन डोळ्यांचा नव्हे. त्याच्याखाली त्यांनी आपल्या संग्रहातली सगळ्यात सुंदर काच लावली, रक्ताच्या थेंबात वळसे घेऊन पडलेला हत्तीरोगाचा जंत. सुखदेवभाऊंनी टेबल मांडलं आणि बघता बघता रांग लागली. चहा घेऊन माणसं रांगेत उभी राहत होती. चर्चासत्रात दिवसभरात बघण्यासारखं तेवढंच होतं.

सर खुलले. प्रत्येक पाहुण्याआधी ते स्वतः वाकून, उजवा डोळा लावून, चित्र स्पष्ट करायचे. मग स्वच्छतेत तडजोड नको म्हणून खिशातला रुमाल काढून भिंग घासून पुसायचे. तोच रुमाल. मग म्हणायचे, "या जी. एक डोळा लावा, एक मिटा." पाहुणा बघायचा, वा वा म्हणायचा. सर पुन्हा वाकायचे, पुन्हा पुसायचे. विद्यापीठाचे प्रमुख पाहुणे, रोगप्रसारावर ज्यांची पुस्तकं लागतात असे प्राध्यापक, माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम, प्रत्येकामागे पुसतात. याला म्हणतात शिस्त." मी मान डोलावली आणि मीही एकदा डोळा लावून घेतला. प्राचार्यांना जंतात रस नव्हता, पण फोटोसाठी त्यांनीही डोळा लावला. फोटोवाल्याला ऊन नीट मिळेना, म्हणून तीनदा लावला.

पाहुणे संपले तेव्हा सरांचं लक्ष सुखदेवभाऊंकडे गेलं. अकरा वर्षं तो सूक्ष्मदर्शक कपाटातून काढला आणि कपाटात ठेवला, पण त्यात बघ असं त्यांना कोणी म्हटलेलं नव्हतं.

"पाह्य ना गा, सुखदेव."

सुखदेवभाऊंनी हात पँटला पुसले आणि वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. मग म्हणाले, "एवढासा आहे जी. अन् मानसाचा पाय कसा करून टाकते."

दुसऱ्या दिवशी एका वक्त्याने पंधरा मिनिटांऐवजी सव्वा तास घेतला. सरांचं सत्र पुन्हा रद्द. संध्याकाळी चहाच्या वेळी दोन-तीन जण डोळे चोळताना दिसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात शिरले आणि दारातच थांबले. अर्ध्याहून जास्त लोक काळे चष्मे लावून बसले होते. बसस्टँडवरच्या चष्मेवाल्याकडचा माल आठ वाजताच संपला होता, त्यामुळे उशिरा उठलेल्यांना मिळेल ते घ्यावं लागलं होतं. प्रमुख पाहुण्यांच्या नाकावर गुलाबी काठांचा, मांजरीच्या डोळ्यांच्या आकाराचा चष्मा होता. माझा स्वतःचा डावा डोळा सकाळपासून चिकटत होता.

प्राचार्यांच्या केबिनमधून आवाज येत होता. त्यांनी काळा चष्मा लावला होता आणि ते उभे होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. समोर सुखदेवभाऊ, एक डोळा सुजून बंद झालेला.

"सगळ्यांना चहा कोणं दिला? यानं. डोळे कोणाचे आले? याचे. संसर्गावरचं चर्चासत्र आणि पाहुण्यांचे डोळे आमच्या घरी येऊन आले! उद्या विद्यापीठ काय म्हणेन? सुखदेव, आजपासून कामावर येऊ नको. तुझे कागद मी परत मागवतो."

"मी कायले डोरे आनू जी?" सुखदेवभाऊ म्हणाले. "माह्ये तं आज सकारीच आले. या लोकाइचे कालच आले होते."

सर दारात उभे होते. त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून वही काढली आणि ठणठण करत सभागृहाकडे निघाले.

पुढचा अर्धा तास मी त्यांच्यामागे फिरले. सर एकेका पाहुण्यासमोर दोन हात अंतरावर उभे राहायचे, नमस्कार करायचे आणि विचारायचे, "डावा की उजवा?" लोकांना वाटलं, म्हातारा गेला कामातून. काही जण चष्मा वर करून दाखवायचे. मग सर विचारायचे, "मायक्रोस्कोपात कोणत्या डोळ्यानं पाहिलं?" आणि लिहायचे. एका डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकात बहुतेक माणसं उजवा डोळा लावतात, थोडे डावखुरे डावा. ज्याने जो लावला होता, त्याचा तोच आला होता. ज्यांनी नुसता चहा घेतला आणि रांगेत उभं राहण्याचा कंटाळा केला, ते टकटकीत डोळ्यांनी बसले होते.

सर प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले. "मॅडम, तुमी कोणता लावता?"

"डावा, सर."

"तुमचा डावाच आला." त्यांनी तेही लिहिलं. मग खिशातून रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि त्याच्याकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या क्षणी मला त्यांची फार कीव आली, हे सांगून टाकते. उभा जन्म ज्याने कोणाचा हात धरला नाही, त्याच्या हातून सगळ्या विद्यापीठाचे डोळे आले होते. वही मिटून ते गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. सुखदेवभाऊंचं नाव आधीच ठरलं होतं.

सर उठले. रुमाल घडी करून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला. "मले माह्ये दहा मिनिटं पाहिजे," ते म्हणाले. "चला, घंटी घ्या."

समारोपाच्या आधी गुलाबी चष्म्यातल्या पाहुण्यांनी त्यांना वेळ दिला. प्राचार्य मंचावरून खुणा करत होते, पण काळ्या चष्म्यातून केलेल्या खुणा कोणाला कळत नाहीत. सरांनी टाईप केलेला निबंध खाली ठेवला आणि खडू घेतला. फळ्यावर त्यांनी गोल काढले, एकेका गोलात एकेक पाहुणा, रांगेतल्या क्रमाने, बाजूला 'डा' किंवा 'उ'. सगळ्यात शेवटचा गोल सुखदेवभाऊंचा.

"हा मानूस रांगेत शेवटी होता," सर म्हणाले. "रोग याच्यापाशी सर्वात मागून पोचला. देनारा हा नाही, घेनारा आहे." मग फळ्याच्या अगदी डाव्या बाजूला त्यांनी एक मोठा गोल काढला आणि तिथून सगळ्यांकडे बाण ओढले. "अन् हा मी. मले वाटलं चिलट गेलं. मी ते तपासलं नाही. तपासल्याशिवाय सांगितलं. प्रत्येकाआधी मी हा डोळा लावला, अन् प्रत्येकामागं याच रुमालानं भिंग पुसलं." त्यांनी पिशवीतला रुमाल वर धरला. पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली.



"आता माह्या पेपरवर येतो," सर म्हणाले. "परवा सकाळी माहा डोळा लाल आहे, हे कोणाकोणाले दिसलं होतं? हात वर करा."

आधी कोणीच हात वर केला नाही. मग मी केला. मग ऑफिसातल्या दोघांनी, मग रांगेतल्या एकाने, मग सुखदेवभाऊंनी, मग बघता बघता सगळीकडून हात वर आले. प्रमुख पाहुण्यांनी मंचावर बसल्या बसल्या आपला हात खांद्याइतका उचलला. शेवटी प्राचार्यांनीही.

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, मंग बोलल्या काहून नाही?"

मी म्हटलं, "भीड वाटली, सर."

"बस," सर म्हणाले, "एवढंच वाचाचं होतं. घंटी वाजवा, दहा मिनिटं झाली असतीन."

सात झाली होती. तरी मी वाजवली.

टाळ्या कोणी सुरू केल्या ते आठवत नाही. गुलाबी चष्मा काढून, सुजल्या डोळ्याने, प्रमुख पाहुणे म्हणाले की तीन दिवसांत इथे संशोधन झालं असेल तर ते एवढंच. प्राचार्यांना आता काहीतरी मोठं करून दाखवणं भाग होतं. ते माईकवर म्हणाले, "सुखदेव आमचाच माणूस आहे. त्याला कोण काढणार? सुखदेव, सर्वांसाठी चहा आण."

"त्याले नोका पाठवू," सर खालून ओरडले. "त्याचा डोळा आला आहे. त्याले घरी जाऊ द्या. हजेरी लावून."

चर्चासत्राचा समूह फोटो अजून कॉलेजच्या पायऱ्यांजवळ लावलेला आहे. पन्नास-साठ विद्वान काळे चष्मे घालून ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्यापासून दोन हात लांब, एकटे, उघड्या लाल डोळ्याचे सर नमस्कार करून उभे आहेत. आलेल्या नव्या मुलांना वाटतं, हा कुठल्यातरी सूर्यग्रहणाचा फोटो असावा. सुखदेवभाऊंचे कागद पुढच्या पावसाळ्यात खाली आले.

डिसेंबरात सरांचा निरोप समारंभ झाला. सभागृह भरलेलं. प्राचार्यांनी शाल दिली, ती सरांनी दोन बोटांत धरून खुर्चीवर ठेवली. मग ते बोलायला उभे राहिले, आणि मला दिसलं की त्यांनी शर्ट उलटा घातला आहे. शिवण बाहेर, कॉलरचं लेबल मानेखाली फडफडतंय, उजव्या कोपराचं ठिगळ आत गेलेलं. आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना दिसत होतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. इतका मोठा दिवस, म्हातारा माणूस, कशाला?

मी उभी राहिले आणि सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, शर्ट उलटा आहे."

सरांनी छातीवरची शिवण हाताने चाचपली. ते मंचामागे गेले. दोन मिनिटांनी शर्ट सुलटा करून परत आले, माईकसमोर उभे राहिले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी त्यांनी चिलटाचं नाव काढलं नाही.

"पेपर वाया गेला नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले.